वन्संची ओळ

मंगळवार, ४ मार्च
वन्संचा फोन! त्यांच्या पियानोवाल्याचं मनगट मोडलंय आणि कार्यक्रम याच महिन्यात. "तू वाजवशील ना?" – विचारणं कसलं, हुकूमच! नणंद व्हायोलिनमध्ये एवढी मोठी, आणि मी शाळेत पोरांची गाणी बसवणारी. आजवर कधी आठवण झाली नाही. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! हो म्हणून बसले. रोमँटिक काळातली दोन पंचकं – पियानो आणि चार तारवाद्यं. दोन्ही घाम काढणारी.

शनिवार, ८ मार्च
पहिला सराव, वन्संच्या घरी. दर दोन मिनिटांनी मला थांबवत होत्या. "अगं, पियानो वाजवतेस की दार ठोठावतेस?" चेलोवाले काका हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नकोस. परक्यांशी ती गोड बोलते."

मंगळवार, ११ मार्च
दुसऱ्या सरावातही तेच. रडले नाही. थोडक्यात वाचले.

बुधवार, १९ मार्च
संथ भाग आज जमला! वाजवून झाल्यावर वन्सं – "हं. पुढे चला." घरी सांगितलं तर हे म्हणाले, "ताईचं 'हं' म्हणजे पदकच की!"

रविवार, २३ मार्च
कालच्या कार्यक्रमापासून पाय जमिनीवर नाहीत!
शेवटचा भाग, उधळलेल्या घोड्यासारखा वेग – आणि ताडकन वन्संची वरची तार तुटली. धून त्यांच्याकडेच! बाकीच्यांसमोर फक्त आपापल्या सुरांची ओळ, पण पियानोच्या पुस्तकात पाचही छापलेल्या असतात. विचार करायला वेळ कुठला? वन्संची ओळ उजव्या हाताने उचलली, माझं डाव्याने जमेल तसं. चेलोवाले काका खालून जोर लावून आधार देत होते. वन्संनी वळून पाहिलं – आणि चक्क हसल्या! मग उरलेल्या तीन तारांवर बोटं वर सरकवत पुन्हा आत शिरल्या. शेवट आम्ही दोघींनी मिळून गाठला.
सगळं सभागृह उभं! टाळ्या थांबेनात. वन्संनी मला हाताला धरून पुढे ओढलं आणि स्वतः मागे सरकल्या.

सोमवार, २४ मार्च
सकाळीच वन्सं दारात. बसल्यासुद्धा नाहीत. "मी थांबतेय. परवाचा कार्यक्रम माझा शेवटचा."
"वन्सं, तार तुटली म्हणून?"
"वेडी का तू? थांबायचं तर केव्हाच ठरलंय. आपला हा गट कुणाच्या हाती सोपवायचा, तेवढंच कळत नव्हतं. शनिवारी सगळे तुझ्याकडे सरावाला येतील. चांगली ओरड त्यांच्यावर!"