बापूंना काय जमत नाही

सातपूर, नाशिक-७
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय दादा,

पत्र लांबणार आहे, त्यामुळे वहिनीला आधी चहा टाकायला सांग. आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस. तुझी ती खोड मला माहितीये.

इकडे सगळे बरे आहेत. वहिनीचं पत्र आलं तेव्हा मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्या छकुलीला डब्याचं दूध सोसत नाही हे ऐकून आईचा जीव खालीवर झाला. बापू तेव्हा खिडकीत आरसा टेकवून दाढी करत होते. ते काही बोलले नाहीत, पण तू त्यांना ओळखतोस, पेठहून आलेल्या पत्रावर ते कधीच काही बोलत नाहीत.

तर मोठी बातमी म्हणजे बापूंच्या पेन्शनची पुन्हा तपासणी निघाली. कंपनीतल्या प्रेस मशीनने त्यांच्या उजव्या हाताची करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधलं अर्धं नेलं, तेव्हा विम्याचं जे पेन्शन बसलं ते म्हणे तात्पुरतं होतं. आता फॉर्म भरायचा, बापूंनी सही करायची, मेडिकल बोर्डासमोर उभं राहायचं, मग ते कायम होणार. नाही गेलं तर बंद. म्हणजे माझं कॉलेजही बंद, कारण कंपनीने बापूंना आता स्टोअरमध्ये खिळे मोजायला बसवलंय, त्या पगारात घरभाडं आणि माझी फी दोन्ही बसत नाही. युनियनचे यादवकाका फॉर्म घेऊन आले आणि म्हणाले, सोबत एक कागद जोडा, सावळीरामला काय काय जमत नाही ते लिहा, पोरगी इंग्रजी शाळेत शिकलेली आहे, तिलाच लिहू दे. मी म्हटलं, काका, सोडा माझ्यावर. आई लगेच म्हणाली, अहो तिच्यावर काही सोडू नका, हिने शाळेच्या प्रदर्शनात ज्वालामुखी करताना पडदा पेटवला होता. दादा, तो पडदा आधीच फाटका होता.

मी फुलस्केप कागद आणले, लाल शाईने समास आखला, वर मोठ्या अक्षरात ‘डिफिकल्टीज’ लिहिलं आणि बापूंसमोर पाटावर बसले. पहिला प्रश्न, शर्टाची बटणं लावता येतात का. बापू म्हणाले, न यायला काय झालं. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी दाखवलं. रेडिओवर बातम्या सुरू होत्या त्या संपल्या, बाजारभाव सांगून झाले, शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागला, तरी तिसरं बटण चालूच होतं. आई म्हणाली, आता राहू द्या, बटणं लागेपर्यंत शर्ट काढून झोपायची वेळ होईल. पण शेवटी लागलं, आणि बापू म्हणाले, लिही, जमतं. तांब्या उचलणं, जमतं. भाकरी मोडणं, जमतं. सायकल, जमतं. सायकल त्यांना कशी जमते ते शेजारच्या सखुबाईंच्या कोंबड्यांना विचार. बापूंची घंटी वाजली की त्या भिंतीवर चढून बसतात, कारण एकच ब्रेक दाबला जातो आणि तो पुढचा नाही.

मी काकुळतीला आले. म्हटलं, बापू, काहीतरी तर जमत नसेल. म्हणाले, मी खोटं लिहून देणार नाही. जमत नाही अशी एक गोष्ट दाखव, लगेच सही करतो. ‘जमत नाही’ हे शब्द निघाले तशी आई उठून आत गेली आणि उगाच भांडी हलवायला लागली. आपल्या घरात हे दोन शब्द चार वर्षांत कोणी मोठ्याने म्हटलेले नाहीत. का ते तुला मी सांगायला नको.

पण मी गप्प बसणारी नाही. म्हटलं, पुरावा गोळा करू. दलालीची वीस वर्षं संपली तरी बापू सुट्टी मिळाली की अजून हरसूलच्या बाजाराला जातात. आईला सांगतात भाजी आणायला जातो, आणि येतात रिकाम्या हाताने. मी म्हटलं, मला पण न्या. ते हो म्हणतील असं वाटलं नव्हतं, पण म्हणाले, चल शहाणे, वही नको आणू. मी वही पोटाशी ओढणीत लपवून नेली.

दादा, तू लहानपणापासून त्यांच्यासोबत तिथे गेलास, मला कधी कोणी नेलं नाही. एस्टीत बापूंनी मला सगळं समजावलं. जनावराचा भाव तोंडाने बोलायचा नाही. दोघांनी उजवे हात टॉवेलखाली घालायचे आणि समोरच्याची बोटं धरायची. शेळीला एक बोट म्हणजे शंभर, चार बोटं चारशे, पूर्ण पंजा पाचशे. अर्ध्या पेरावर दाबलं की पन्नास. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. आणि डाव्या हाताने सौदा कोणी घेत नाही, अपशकुन. मला इतकं भारी वाटलं की मी गाडीतच पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याचा भाव केला असता.

बाजारात पोचलो तर सगळे बापूंना ओळखतात. सावळीराम, ही शेळी बघ. सावळीराम, या बैलाचे दात बघ. बापू जनावराच्या तोंडात हात घालतात, कास चाचपतात, आणि दोन शब्दांत सांगतात, आणि समोरचा ऐकतो. मी मनात म्हटलं, यात कसली आलीये डिफिकल्टी. मग दोघांचे हात टॉवेलखाली गेले, आणि बापू तिथून बाजूला झाले. चहाच्या टपरीला टेकून डोंगराकडे बघत उभे राहिले. हात बाहेर आले, सौदा झाला, की परत आले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मोतीराम दलाल म्हणून एक जाडा माणूस ओरडला, ये की रे सावळीराम, आपण करू एखादा, आणि मग स्वतःच म्हणाला, पण तुझ्या हातात भाव दीडाच्या वर चढतच नाही, माझं जनावर फुकट जायचं. सगळे हसले. बापू सगळ्यांत मोठ्याने हसले आणि पुन्हा चहा प्यायला गेले. चहाचे किती कप झाले असतील ते देव जाणे, म्हणूनच भाजी येत नसावी.

मला पुरावा मिळाला होता. वहीसुद्धा हातात होती. पण लिहिलं नाही. मला राग आला, आणि मला राग आला की काय होतं तुला माहितीये.

गोजराबाई म्हणून एक म्हातारी होती, डोंगरावरची. तिच्याकडे पांढऱ्या कानांची शेळी, दुसऱ्या वेताची, बरोबर एक करडू. बापू सकाळपासून तिच्याभोवती दोन चकरा मारून आले होते. कास बघितली, धार काढून बघितली, शेळी लाथ मारते का तेही बघितलं. मी सरळ तिथे गेले, बापूंच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि गोजराबाईला म्हटलं, आजी, सौदा करा, हात माझा, भाव बापूंचा. मोतीराम म्हणाला, आता पोरी यायला लागल्या, बाजार उठला. गोजराबाई म्हणाली, मोत्या, तुझी आय काय पोरगा व्हती व्हय? ये गं बाय, घाल हात.

बापू माझ्या मागे उभे राहून कानात म्हणाले, दोन धर. मी दोन बोटं धरली. म्हातारीने माझी चारही धरली आणि म्हणाली, हात हाय का लोणी, कधी शेण काढलं नाय वाटतं. बापू म्हणाले, तीन. मी तीन धरली. तिने चार. बापू म्हणाले, तीन आणि अर्धं पेर. मी धरलं, आणि म्हातारी थोडी थांबली, हसली, मान हलवली. मला कळलं, आपण जिंकलो. आणि दादा, आठ वर्षं शाळेत सिस्टर बेनेडिक्टने शिकवलेलं एकदम हातात आलं. मी तिचा पूर्ण पंजा धरला आणि जोरात शेकहँड केला. वर ‘थँक यू’ पण म्हटलं.

पूर्ण पंजा, पाचशे. आणि हलवला, म्हणजे सौदा पक्का.

गोजराबाई ओरडली, झाला. बाजार इतका हसला की करडू घाबरून माझ्या दोन पायांत शिरलं. मी रडकुंडीला आले. बापूंनी मात्र खिशातून पैसे काढले आणि दिले. पाचशेच्या पाचशे. म्हातारीने मोजले, त्यातले दीडशे माझ्या मुठीत कोंबले आणि म्हणाली, घे, येडपट पोरीच्या हातून जास्तीचं घेतलं तर माझी शेळी आटंल. मोतीरामने तिथल्या तिथे मला विचारलं, बाई, पुढच्या बाजाराला येणार का, माझा एक रेडा खपत नाहीये.

परतीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, शेळीचं तिकीट काढा, करडाचं अर्धं. बापू म्हणाले, करडू पोरीच्या मांडीवर आहे, मांडीवरच्याला तिकीट नसतं. यावर त्र्यंबकपर्यंत वाद चालला. तेवढ्यात करडाने माझ्या मांडीवरच निकाल दिला आणि कंडक्टर पुढे निघून गेला. मी सारखं म्हणत होते, बापू, चुकलं, सातपूरच्या एका खोलीत शेळी कुठे ठेवणार. ते म्हणाले, बघू. आणि पिशवीतून नवंकोरं दावं काढून शेळीच्या गळ्यात अडकवलं. माझं तेव्हा डोकंच चाललं नाही, दादा. शेळी चुकून घेतली तर पिशवीत दावं कशाला होतं?

आता बोर्ड. परवाच झालं. टेबलामागे तीन डॉक्टर, मी फाइल घेऊन उभी. फॉर्मवर अजून सही नाही. बापू म्हणाले होते, आधी साहेबाला बघू. मी माझ्याच अंदाजाने लिहिलेला चार पानी इंग्रजी निबंध पुढे केला. मधल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पहिली ओळ वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बाळ, छान लिहिलंय, पण हे लागत नाही, कुठलं बोट गेलं तर किती टक्के त्याचा तक्ता आहे आमच्याकडे. दादा, चार पानं. समास आखून. मग त्यांनी सहज विचारावं तसं बापूंना विचारलं, काय हो, रोजच्या कामात काय जमत नाही? मी डोळे मिटून घेतले, कारण मला माहीत होतं आता सगळं जमतं म्हणणार आणि शर्टाची बटणं काढून दाखवायला लागणार.

बापूंनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि म्हणाले, हात द्या, साहेब. डॉक्टरांनी दिला. बापूंनी वर टॉवेल टाकला. म्हणाले, आता माझी चार धरा. डॉक्टर टॉवेलखाली चाचपत राहिले. म्हणाले, अहो, चार नाहीयेत. बापू म्हणाले, मग पाच धरा. डॉक्टर म्हणाले, कशी धरू? बापू म्हणाले, हेच, साहेब. एवढंच जमत नाही. बाकी सगळं जमतं.

बापूंनी टॉवेल परत खांद्यावर टाकला, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. सहीला वेळ लागला, पण कोणी घाई केली नाही. मग त्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, बाबा, हे टॉवेलचं काय आहे, मला पण दाखवा. बापूंनी दाखवलं. मग क्लार्क पण टेबलामागून आला. बाहेर लाइन खोळंबली आणि आत मेडिकल बोर्ड शेळ्यांचे भाव करत होतं. पेन्शन कायम झालंय, आता पुन्हा बोलावणार नाहीत.

बाहेर आल्यावर मला वाटलं बापू चहा घेतील. त्यांनी विचारलं, पेठची पहिली गाडी किती वाजता असते गं.

तेव्हा मला दावं आठवलं. वहिनीचं पत्र, खिडकीतली दाढी, आणि त्या शेळीभोवती मारलेल्या चकरा. वीस वर्षं दलाली केलेला माणूस पोरीच्या एका शेकहँडला पाचशे देत नाही, दादा. ती शेळी छकुलीसाठी आहे. हरसूलहून पेठ जवळ होतं, ते थेट तुझ्याकडे येऊ शकले असते. पण चार वर्षांपूर्वी त्याच बाजारात, सगळ्यांसमोर, तू त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतलास आणि म्हणालास, बापू, आता जमत नाही तुम्हाला, घरी चला. तू काळजीने बोललास, मला माहितीये. त्यांनाही माहीत असावं. पण ते त्यांनी स्वतः म्हणायचं होतं, ते परवा बोर्डासमोर म्हटलं, आणि तेवढ्यासाठी शेळीला नाशिकचा वळसा पडला.

येत्या रविवारी पहिल्या गाडीने ते येतायत. आईला सांगितलंय, शेळी देतो आणि लगेच परत फिरतो. मी लिहिलंय हे त्यांना सांगू नकोस. स्टँडवर जा, पण दावं त्यांच्या हातातून घेऊ नकोस. शेळी त्यांनाच बांधू दे. गाठ मारायला सगळ्या बातम्या होऊन जातील, तोवर छकुलीला घेऊन नुसता उभा राहा. आणि त्यांनी टॉवेल पुढे केला, तर काही न बोलता हात आत घाल.

फक्त शेकहँड करू नकोस. पाचशे पडतात.

तुझीच, आणि आता हरसूल बाजारात नाव झालेली,
विशू