धाकट्याची केस मी हाती घेते

३ फेब्रुवारी
धाकट्या भावाचा पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला, म्हणून ही रोजनिशी सुरू करावी लागली. सैनिक कल्याण कचेरीचं पत्र दुपारी आलं. फौजेत सुरुंग काढण्याच्या तुकडीत होता, त्यातून मनाचा आजार जडला आणि त्यामुळे आता कुठलीच नोकरी करता येत नाही, हे म्हणे सिद्ध होत नाही. पुरावे जोडून पुन्हा अर्ज करा.
तो पन्नाशीचा, मी सहासष्टची. आई गेल्यापासून मीच वाढवला. माझ्यामागे ह्याला कोण बघणार? ही पेन्शन लागलीच पाहिजे.
आतापर्यंत अर्ज तो स्वतः भरत होता, तिथेच घोडं पेंड खात होतं. मी आयुष्यभर शाळा चालवली आहे. यापुढे केस माझ्या हातात.
संकल्प: त्याच्यावर आवाज चढवायचा नाही.

४ फेब्रुवारी
आवाज चढवला. कारण योग्य होतं. सकाळी खालच्या दुकानाचं शटर वर गेलं आणि हा बाथरूममध्ये कडी लावून बसला. दिवासुद्धा लावला नाही. हाका मारून माझा घसा बसला. शेवटी बाहेर येऊन म्हणतो, ताई, तू ओरडत होतीस म्हणून येता येईना. उलट्या बोंबा.

९ फेब्रुवारी
कचेरीत गेले. अर्जदारांच्या मदतीला तिथे एक चष्मेवाले बसतात, स्वतः माजी सैनिक. म्हणाले, बाई, त्याला ज्यांनी कामावरून काढलं, त्यांच्याकडून लिहून आणा. का काढलं, ते.
सोपं आहे. आठवड्याभराचं काम.
त्याच्यामुळे घरात काही बदल करावे लागले का, असंही विचारत होते. नाही म्हटलं. आमचं घर अगदी नॉर्मल आहे. कुकर माळ्यावर टाकला, तो पातेल्यातला भात मोकळा होतो म्हणून. बेलची वायर काढली, कारण लोक उगाच बटण दाबतात. रात्री मी त्याच्या दाराबाहेर खुर्चीत झोपते, ते पाठीला बरं पडतं.

१५ फेब्रुवारी
गोदामवाल्यांकडे. धाकटा सगळ्यात जास्त टिकला तो ह्यांच्याकडे. मालक भला, पण जिभेला हाड नाही. म्हणाले, ताई, तुमचा भाऊ सोन्याचा तुकडा. पण एक खोकं पडायचा अवकाश, गडी गायब. एकदा सगळं गोदाम पालथं घातलं, तर हा रॅकखाली डोकं धरून पडलेला. मी त्याला काढला नाही हो, मला बघवेना म्हणून घरी बसवला.
आणि तसंच लिहून देऊ लागले. काय ते अक्षर. 'लहान पोरासारखा रडायचा.' माझ्या भावाबद्दल सरकारदरबारी असला कागद? फाडला. मग मी सांगत गेले, ते लिहीत गेले: प्रामाणिक, कष्टाळू, वेळेचा पक्का, वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडली. सही करताना विचारतात, ताई, हे नक्की कशासाठी हवंय? पन्नाशीत लग्न जुळवताय का ह्याचं?
काही लोकांना कामाचं गांभीर्य नसतं.

२८ फेब्रुवारी
छापखाना आणि वॉचमन पुरवणारी एजन्सी, दोन्हीकडून उत्तम प्रशस्तिपत्रं. एजन्सीवाले आधी आढेवेढे घेत होते. मी उठलेच नाही खुर्चीवरून.
धाकट्याच्या डॉक्टरांनी मात्र ऐकलं नाही. त्यांना सुचवलं, आजाराच्या त्या लांबलचक नावाऐवजी 'झोपेची तक्रार' लिहा. त्यांनी पाकीट चिकटवून दिलं. मी ते फाइलीत सगळ्यात खाली लावलं. पहिली छाप महत्त्वाची.

११ मार्च
कचेरीच्या वैद्यकीय बोर्डापुढे हजर राहण्याची तारीख आली. रोज संध्याकाळी तयारी. मी विचारते, तो उत्तर देतो.
आज विचारलं, झोप लागते का? म्हणाला, तू खुर्चीत घोरतेस तेव्हा लागते. म्हटलं, बोर्डापुढे पाचकळपणा चालणार नाही. तो म्हणाला, पाचकळपणा नाही ताई. पहाऱ्यावर कोणीतरी आहे, हे कळतं.
उत्तर बदलून घेतलं: 'साधारण.'
मी घोरत नाही.

१९ मार्च, सकाळ
समोर उभी राहून दाढी करवून घेतली. शर्टाला कडक इस्त्री. बूट आरशासारखे. कॉलर नीट करताना हात झटकला माझा, पण एकदाच. दिसतोय मात्र राजबिंडा. आज काम फत्ते.

१९ मार्च, संध्याकाळ
छान झालं. एकूणात.
बोर्डाच्या मुख्य डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, दिवसभर काय करता? त्याला शब्द सापडेनात, म्हणून मी सांगितलं: भाजी चिरतो, पाणी भरतो, पेपर वाचतो. एकदा केलंय हे त्याने. बाई म्हणाल्या, त्यांना बोलू द्या. मी बोलू दिलं. तो बुटांकडे बघत बसला.
तेवढ्यात बाहेर कोणीतरी लोखंडी बाकडं आपटलं. धाकटा टेबलाखाली. खोलीत कोणाला काही सुचेना. मला सुचलं. म्हटलं, पेन पडलं त्याचं. वाकून दंडाला धरून वर घेतला. इस्त्रीच्या शर्टाखाली दंड नुसता थडथडत होता. डॉक्टरबाईंनी त्यालाच विचारलं, पेन पडलं का? तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, हो. पेन.
प्रसंगावधान माझं पहिल्यापासूनच चांगलं.
घरी आल्याआल्या बूटही न काढता भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दमला असेल.

२ एप्रिल
नामंजूर.
अर्जदार नीटनेटका व शिस्तीचा. मालकांची प्रशस्तिपत्रं उत्तम. घरची सर्व कामं करतो, असं बहिणीचं निवेदन. डॉक्टरांच्या मताला इतर पुराव्याचा आधार नाही. अपील एकदाच करता येईल. त्यानंतर केस कायमची बंद.
चष्मेवाल्यांनी फाईल पहिल्यापासून वाचली. म्हणाले, बाई, ह्या कागदांवर तर उद्या ह्याला बँकेत मॅनेजर करतील. मग हळू आवाजात म्हणाले, लाज कोणाला वाटते, त्याला की तुम्हाला?
आगाऊ माणूस. उत्तर होतं, पण देण्यासारखं नव्हतं.

३ एप्रिल
धाकट्याने आज आपणहून तोंड उघडलं. अपिलाला मी गोदामवाल्यांबरोबर जातो, म्हणाला. तू येऊ नकोस.
का, म्हटलं.
म्हणाला, तू शेजारी असलीस की मला बरं असावं लागतं.
म्हटलं, बरं, मी बाहेर बसेन. तोंडातून ब्र काढणार नाही. तो म्हणाला, ताई, घरीच थांब.
आवाज चढवला नाही. चढवायला गेले होते.

८ एप्रिल
अपिलासोबत घरच्या माणसाचं निवेदन लागतं. चार पानं लिहिली, सुरुवात आमच्या घराण्यापासून. भाषा निर्दोष. वाचून दाखवलं. धाकटा म्हणाला, ह्यात मी कुठे आहे?
चारही पानं फाडली. फाडण्याचा सराव आहे मला.

९ एप्रिल
गोदामवाल्यांनी टेम्पो कोपऱ्यावर उभा केला आणि चालत आले. दार बोटाने वाजवलं. आवाज करू नका म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नवीन कागद लिहून आणला होता, अक्षर तेच. वाचला. एक शब्द बदलला नाही.
इस्त्री तापत ठेवली होती, ती बंद केली.
गोदामवाल्यांच्या हाती दिलं ते असं:
फाईल, एक. प्रशस्तिपत्रं काढून.
डॉक्टरांचं पाकीट, सगळ्यात वर.
माझं निवेदन, दोन ओळी. 'मी अर्जदाराची सख्खी बहीण. बोर्डासमोर पेन पडलं नव्हतं.'
भाऊ, एक. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला.
पोच मागितली नाही.