दाराबाहेरचं पाणी

नास, मंगळवार, १४ ऑक्टोबर

शेजारच्या जेम्सचं अंत्यदर्शन घेऊन आले. इथे परदेशात दफनाआधी मृताला घरीच ठेवतात, येणाऱ्याला चहा-सँडविच देतात. परतल्यावर सवयीने दारातच पायांवर तांब्याभर पाणी घेतलं. वर पाहते तर त्याची बायको नोरा तिच्या खिडकीत. तिच्या माणसाला मी अपवित्र ठरवलं का?

दुपारभर तो तांब्या डोळ्यांसमोरून हलेना. कॉलेजात शिकलेलं आठवलं. प्राचीन ग्रीसमध्ये मृताच्या दाराबाहेरच पाण्याचं भांडं ठेवत, निघणाऱ्याने हात धुवावेत म्हणून. आणि ते पाणी शेजारच्या घरून आणत. काय माणसं होती! विटाळ मानायचे, पण उघडपणे; शिवाय शेजाऱ्यालाही दुःखात वाटा. मी मात्र चोरासारखी.

राहवेना. संध्याकाळी जाऊन नोराला सगळं सांगितलं, अगदी ग्रीकांसकट.

"अगं, मला वाटलं तू कुंड्यांना पाणी घालतेयस," ती म्हणाली. "तेही पावसात! जेम्स पोट धरून हसला असता." मग म्हणाली, "उद्या दफन करून परतलो की तुझ्या घरचं पाणी आण. माझ्या दारात ठेव."

तांब्या चिंचेने घासून ठेवलाय.