दवाखान्याला कुलूप नव्हतं

४ नोव्हेंबर, मंगळवार

…त्या सकाळी आधी टाकी भरून घेतली. दूध तापवलं, ह्यांचे दोन बनियन निळीत बुडवले, भाजी चिरायला घेतली — तेवढ्यात हे दवाखान्यातून परत! एक चप्पल इकडे, एक तिकडे. "एवढ्यात नंबर लागला?" म्हटलं, तर सरळ आत. पंख्याखाली जाऊन बसले. मग म्हणाले, "ती नर्स मला आजोबा म्हणाली. आजोबा, मागे सरका, म्हणाली!" वय एकसष्ट, आणि आदल्याच दिवशी केसांना कलप लावलेला. मी इतकी हसले की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. "हस तू," म्हणाले. "उद्या जाईन. उद्या तिची ड्यूटी नसते."

पहाटे झोपेतच गेले. दोन वर्षं झाली.

आज हे सगळं वर आलं ते भाचीमुळे. माझ्या बहिणीची मुलगी आमदारकीला उभी आहे. आज तिची पहिली कोपरासभा होती. त्यात म्हणाली, "माझे काका दवाखान्याच्या दारातून परत आले, आणि दुसऱ्या दिवशी गेले." यात खोटं काहीच नाही. तरी चारचौघांत ऐकताना मी खाली बघत पदराचं टोक गुंडाळत बसले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

भाचीने जाहीरनामा वाचायला दिला. "मावशी, तुला कळला की सगळ्यांना कळला." म्हणजे मी सगळ्यांत मठ्ठ! पण राग नाही आला. मी वाण्याच्या पुड्यांचे कागद जोडून वाचायला शिकलेली बाई. मला कोण जाहीरनामा तपासायला देणार होतं?

पेन्सिल घेऊन बसले. दवाखान्यात रात्रंदिवस डॉक्टर. (आता एकच आहे, तोही आठवड्यातून तीन दिवस.) रक्तदाबाच्या गोळ्या फुकट. टेकडीवरची खडी फोडणारी मशीनं बंद. तलावात घाण सोडणाऱ्याला दंड. सगळं हवंच आहे. सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी झटकला तर घरात पिठाची गिरणी चालवल्यासारखं होतं. आणि तेच आपण छातीत भरून घेतो.

फक्त एका जागी अडले. "शाश्वत म्हणजे काय गं?"

"कायम टिकणारं."

"मग तसं लिही. इथे नळाचं पाणी शाश्वत नाही, आणि तू विकास शाश्वत करायला निघालीस."

खोडलं तिने. गुणाची आहे. गुरांची डॉक्टर, म्हणून लोक टोमणे मारतात — गोठ्यातून थेट विधानसभेत! ती म्हणते, "माझे पेशंट निदान खोटं तरी बोलत नाहीत." पोरगी निवडून यायला हवी. मनापासून वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

प्लास्टिकचे फलक लावायचे नाहीत, हा भाचीचा नियम. म्हणून कापडावर रंगवून घेतले. तीन गायब! एक सापडला — केशकर्तनालयाच्या दाराला पडदा म्हणून. भाचीचा अर्धा चेहरा आत, अर्धा बाहेर. न्हावी म्हणतो, "ताईंची माझ्या गिऱ्हाइकांवर नजर राहते." भाची हसली. "राहू दे मावशी, पुनर्वापर झाला."

तिचा प्रचार सांभाळायला एक मास्तर आहेत. शाळेत होते. शिकवलं काय ते देव जाणे, पण दरवर्षी नाटक मात्र बसवलं. आज सभेत भाचीच्या आधी तेच बोलले. "काका दारापर्यंत पोहोचले — आणि दाराला होतं भलंमोठं कुलूप!"

बायका हळहळल्या. मी इकडेतिकडे बघितलं. कुठलं कुलूप?

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाऊस आला. आभाळातून नव्हे, मास्तरांच्या भाषणात. "मुसळधार पावसात, अनवाणी…"

कडक ऊन होतं. आणि अनवाणी? हे न्हाणीघरात जाताना पण चपला घालत!

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज तर कळसच. मास्तर म्हणतात, काकांचे शेवटचे शब्द होते, "झाडं जपा!"

झाडं!! हा माणूस जन्मभर शहराला पाणी सोडायच्या कामावर होता. टाकीच्या जाळीत पाला अडकला की शिव्या घालत घरी यायचा. "झाड म्हणजे कचऱ्याचा कारखाना," हे त्यांचं वाक्य. शेजारच्या झाडाची फांदी रात्री गुपचूप तोडून सकाळी "वारा फार होता काल" म्हणाले होते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने माझे हात हातात घेतले. "केवढा मोठा माणूस होता हो तुमचा!" मी मान हलवली. घरी येऊन त्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. फोटोत कपाळाला आठी आहे. फोटोवाल्याने "जरा हसा" म्हटलं म्हणून पडलेली. आठी बघून बरं वाटलं. म्हटलं, आहात अजून.

पण असंच चाललं तर कितीसे उरतील? चिडका, कलप लावणारा, माझ्यावर रुसणारा माणूस होता माझा. तो पुसून तिथे कुणीतरी महात्मा बसवतायत. महात्म्याशी मी संसार केलेला नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

धाकटे दीर आले. ते विरुद्ध बाजूचे, म्हणजे सध्याच्या आमदारांचे. बगलेत एक रोप.

"वहिनी, एखादी जुनी बादली आहे का?"

मग कळलं. आमदारांनी या आठवड्यात चार ठिकाणी वृक्षारोपण केलं, ते याच एका रोपाने! फोटो झाला की उपटायचं आणि जीपमध्ये टाकायचं. सांभाळायची जबाबदारी दिरांवर. रोपाने मान टाकली होती. दिरांनीही.

हसून हसून पुरेवाट. पण चहा पुढे ठेवला तसे ते गंभीर झाले. "दादाला मी माझ्या स्कूटरवरून नेलं होतं, वहिनी. दवाखाना उघडा होता. आत-बाहेर माणसंच माणसं. कुलूप कुठून आणलंत?"

"मी नाही आणलं."

"मग गप्प का बसलात? रविवारी रात्री आमची शेवटची सभा आहे. साहेब मला माईक देणार आहेत. मी सगळं सांगणार."

"पोरीचं वाटोळं होईल हो."

"आणि दादाचं? तो माझाही होता."

मी उठले. बादली दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भाचीला सगळं सांगितलं. नर्स, आजोबा, कलप, सगळं. ती पांढरीफटक पडली.

"मास्तर म्हणाले, कुलपाचं तूच सांगितलंस!"

"मी मास्तरांना चहात साखर किती एवढंच विचारलंय."

मास्तर तिथेच बसलेले. "ताई, नाटकात थोडं इकडेतिकडे चालतं. कुलूप काढलं तर तिसरा अंकच कोसळतो!"

"मास्तर, मेलेत ते खरोखर," मी म्हटलं. मास्तर चष्मा पुसायला लागले.

भाचीने भाषणाचा कागद दुमडून ठेवला. मग म्हणाली, "आता मागे घेतलं तर खोटारडी ठरेन. नाही घेतलं तर आहेच." तिचे डोळे भरले. एवढी वर्षं गुरांच्या लाथा खाल्ल्या, तेव्हा नाही रडली. मी म्हटलं, "रविवारी मला बोलू दे. त्यांची बायको मी आहे, तू नाहीस."

१५ नोव्हेंबर, शनिवार

झोप नाही. भाषण लिहिलं, फाडलं. परत लिहिलं. त्यात आपोआप "शाश्वत" आलं. तेही फाडलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच घरी आले.

संध्याकाळची सभा. मैदान भरलेलं. मास्तरांनी कानात सांगितलं, "दोन शब्द बोला आणि पदर डोळ्यांना लावा. बाकी मी बघतो." भाचीने त्यांना बाजूला केलं आणि स्वतः माईकवर गेली. "मी आणि माझ्या माणसांनी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली. खरी मावशी सांगेल." एवढंच. आणि मागे जाऊन बसली.

मी उभी राहिले. माईक धरला. म्हटलं, "दवाखान्याला कुलूप नव्हतं. पाऊस नव्हता. आमच्या ह्यांना झाडं आवडत नव्हती." कुठेतरी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग मला धीर आला. कलपाचं सांगितलं. नर्सचं सांगितलं. "आजोबा, मागे सरका" म्हटल्यावर ह्यांचा चेहरा कसा झाला तो करून दाखवला. मैदान हसायला लागलं! मागून एक हसू सगळ्यांपेक्षा मोठं — दिरांचं. खांबाला टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते.

दोन वर्षं लोक ह्यांचं नाव माझ्यासमोर दबक्या आवाजात घेतात. आज एवढी माणसं ह्यांना हसली. घरात कुणी परत आल्यासारखं वाटलं.

मग म्हटलं, "दार उघडं होतं. रांग भिंतीला वळसा घालून रस्त्यावर आली होती. आत एक डॉक्टर आणि सकाळपासून उभी असलेली एक नर्स. ती बिचारी कुणाला काय म्हणणार? कुलूप असतं तर ते तोडता आलं असतं. रांग कशी तोडायची? तिथे अजून माणसं लागतात. ती आणीन म्हणते ही मुलगी."

टाळ्या झाल्या. पण पुढच्या ओळीतली काही माणसं उठूनही गेली. "परवा कुलूप होतं, आज नाही म्हणतात. यांचं खरं कधी धरायचं?" त्यांचंही चूक नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दीर येऊन गेले. काल रात्री साहेबांनी माईक दिला तेव्हा म्हणाले, घसा बसलाय. रोप गेलं म्हणे. बादली धुऊन परत आणली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मत देऊन आले. बोटावरची शाई घासली तरी जात नाही. भाची म्हणाली, "घासू नकोस, हीच एक गोष्ट शाश्वत आहे."

२२ नोव्हेंबर, शनिवार

पडली. अगदी थोडक्यात.

मास्तर हळहळले. "कुलूप ठेवलं असतं तर आज गुलाल आपला होता." कदाचित खरं असेल. मी भाचीकडे बघू शकले नाही. तीच म्हणाली, "मास्तर, चहा गार होतोय." मग बॅग उचलून निघाली. कुणाची तरी गाय अडली होती.

दवाखान्यात डॉक्टर एकच राहणार. रांग तशीच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी त्या गल्लीत गेले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळाने एक गृहस्थ तणतणत रांगेतून बाहेर पडले, "उद्या येईन" म्हणाले. मी उठले, त्यांना परत जागेवर उभं केलं, आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत त्यांच्या शेजारी थांबले.