बाजाराच्या दिवशीची गोळी

अप्पा, मी तुमच्यावर गेले असं आई म्हणायची, ते नाकाबद्दल आणि रागाबद्दल. आता साखर आणि लघवीही तुमच्यावरच गेली आहे. तुमच्या तोंडावर असं बोलायची माझी छाती झाली नसती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून जीभ सैल सुटली आहे.

घाटनांदूरच्या आपल्या कापडाच्या दुकानात गादीवर पांढरीशुभ्र चादर असायची. शेवटच्या वर्षांत तुम्ही ती काढून तपकिरी सतरंजी टाकली आणि पाण्याचा तांब्या मांडीशी घेऊन बसायला लागलात. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं, एक म्हातारी नातीच्या लग्नाचं लुगडं बघते आहे. तुम्ही घडी उलगडता उलगडता थबकता आणि कोणाकडे न बघता कोपरानं तांब्या लवंडता. मांडीवर, सतरंजीवर पाणीच पाणी. आई आतून येते. "आवो, दर बाजाराला तुमचाच तांब्या कसा लवंडतो?" तुम्ही म्हणता, "धक्का लागला. त्यात काय एवढं?" तांब्या लवंडायच्या आधीच मांडी ओली झाली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळची साखरेवरची गोळी तुम्ही तशीच ठेवून द्यायचात. मी विचारलं तर म्हणालात, "ही गोळीच लई हिंडवती, माय. घडीघडी उठलो तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातंय. बाजाराच्या दिशी न्हाई घ्यायची." मग लग्नसराईत घेतली नाहीत. मग सुटलीच. पाणीही तोडलंत. शेवटी किडन्या गेल्या आणि त्यांच्यामागं तुम्ही.

गोळीचा दोष नव्हताच, अप्पा. माजलगावच्या डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं. साखर वाढली की लघवी वाढते. ती वर्षानुवर्षं वाढलेलीच राहिली तर बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, लघवीच्या पिशवीच्या मज्जातंतूंना रक्त पुरत नाही, मग भरल्याचं नीट कळत नाही आणि सुटल्यावर आवरत नाही. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत.

माझी गोळी नव्या तऱ्हेची आहे. ती मात्र खरोखरच साखर लघवीतून बाहेर काढते. "त्रास झाला तर सांगा, बदलून देईन, पण मनानं बंद करू नका," असं बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. मी शिकवते त्या शाळेतला संडास पटांगणाच्या पार पलीकडे, चौथीचा वर्ग सोडून किती वेळा जाऊ? शाळेच्या दिवशी मी गोळी घेत नाही. घरी सगळ्यांना वाटतं, घेते. पुढं काय होतं ते मी तुमच्या उशाशी बसून पाहिलं आहे, तरी कोणाला सांगायचं म्हटलं की तोंड उघडत नाही. स्वतःची चीड येते. चीड येऊनही दुसऱ्या दिवशी तेच करते. यातून बाहेर पडेन असं मला आता वाटत नाही.

हे पत्र खरं तर डॉक्टरबाईंना द्यायला हवं. नाही देणार. काल फळ्यावर गणित लिहिता लिहिता मी थबकले. टेबलावर पाण्याची बाटली होती, ती मी झाकण काढून अंगावर पाडली. पुढच्या बाकावरची पोरगी फडकं घेऊन धावली. "बाई, कसं काय सांडलं?" मी म्हणाले, "धक्का लागला."