भट्टीतलं कुंकू

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ. मरोळ

डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या मण्यांवर सिरॅमिकचा लेप द्यायचा आणि भट्टीत मणी जाळून टाकायचे, की पोकळ कवचं उरतात. आज भट्टी उघडली तर कवचांचा वितळून गोळा. प्रबंधासाठीचा शेवटचा नमुना. वाट लागली.

कारण मला ठाऊक होतं. काल लॅबमध्ये भट्टीची पूजा झाली. मी नास्तिक, तरी धीर सुटला आणि मुशीत चिमूटभर कुंकू टाकलं. कुंकवात चुना असतो, चुन्याने कवचं लवकर वितळतात. हे मीच ज्युनियरांना शिकवते. चिमूटभर तरी का टाकलं?

पूजेला अंधश्रद्धा म्हणणाऱ्या सरांना शेवटी सांगितलं.

"अगं, आत कशाला टाकलंस? मी भट्टीच्या दारालाच लावलं होतं!"

"सर, तुम्ही?"

"ते राहू दे. उद्या परत भट्टी लाव. आणि नोंदवहीत कारण म्हणून फक्त चुना लिही."