भुईगावचा उंच ओटा

२१ ऑक्टोबर, पहाटे ५.
तिकीट कापलं. विद्यमान आमदाराचं! पाच वर्षांत मी विधानसभेत एकदाही गोंधळ घातला नाही. (तोंडच उघडलं नाही, असं विरोधक म्हणतात.) अपक्ष लढणार. आजपासून रोज पाच किलोमीटर धावणे.

२२ ऑक्टोबर.
धावलो नाही. गुडघा. पोस्टरवर ‘कॅप्टन’ छापलं. विनया म्हणाली, अहो, तुम्ही तर हवालदार म्हणून रिटायर झालात, तेही बुटांच्या स्टोअरमधून. बायकोला लष्करातलं काय कळतं! स्टोअरमध्ये हुकूम माझाच चालायचा.

३० ऑक्टोबर.
चांदीपला सभा. माणसं अकरा, त्यांत मंडपवाले चार. हरेश्वर नावाचा शेतकरी उठून म्हणाला, मागल्या टायमाला पानी देनार होते, त्याचा काय झाला? त्याला देशाच्या सीमांबद्दल चाळीस मिनिटं ऐकवलं. गप्प बसला. (झोपला, असं माझा ड्रायव्हर स्टॅनी म्हणतो.)

२ नोव्हेंबर, संध्याकाळ.
विजय पक्का! भुईगावला चर्चमागच्या दफनभूमीत हजारभर माणसं. स्टॅनी तिथलाच. म्हणाला, साहेब, आज आमचा मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, लोक कबरींवर मेणबत्त्या लावायला आलेत, भाषण नको. एवढी आयती गर्दी कोण सोडतो? एक उंच ओटा दिसला, चढलो, माईक घेतला. सगळे मान खाली घालून उभे. टाळी नाही, शिट्टी नाही. काय ही शिस्त! फादर दोनदा हात जोडत आले, मीही जोडले. बेटीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या बुटांपाशी मेणबत्ती लावली आणि रडल्या. हे घर आपलं.

२३ नोव्हेंबर, दुपार.
जनता चुकली. सगळीकडेच चुकली. भुईगावच्या बूथवर मला एक मत. बेटीबाईंचंच असणार. उद्या जाऊन आभार मानणे.

२४ नोव्हेंबर.
गाडीतच स्टॅनीने सांगितलं की ते मत त्याचं, नोकरी जाऊ नये म्हणून दिलेलं. बेटीबाईंनी चहा विचारला नाही. बादली आणि ब्रश हातात दिला आणि दफनभूमीत नेलं. तो ओटा म्हणजे त्यांच्या नवऱ्याची कबर. बुटांचे ठसे घासून काढले, मेण खरवडलं, तेव्हा खालची अक्षरं दिसली. सुभेदार हिलरी डिमेलो. माझ्याहून दोन हुद्दे वर. फार लाज वाटली. टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला.

बेटीबाई म्हणाल्या, सॅल्यूट मागून करा, कोपरे राहिलेत.